ड्युएल खेळायला लागलाय? आधी घड्याळ बघायला शिका

क्वेक लाईव्ह ह्या गोळीबाराच्या गेममधे एकास एक, म्हणजे ड्युएल, खेळायला लागलेली आपल्या भागातली पोरं, बेळगावची, खानापूरची, निपाणीची, सगळी एकच विचारतात, "दादा, एम कशी सुधारू?" एम, म्हणजे नेम, सुधारेल की, खेळशील तशी सुधारेल. पण ड्युएल एमवर हरत नाहीस तू, हे पहिलं डोक्यात घाल.

मेगा हेल्थ, म्हणजे जीव वाढवणारी मोठी वस्तू, उचलली की ३५ सेकंदांनी परत येते, रेड आर्मर आणि यलो आर्मर, म्हणजे चिलखतं, २५ सेकंदांनी, हे सगळ्यांना पाठ असतं. पाठ असून उपयोग काय, मारामारी सुरू झाली की डोक्यातलं घड्याळ बंद पडतं. माझं अजून पडतं. आणि खरा घोळ मारामारीत नाही, मारामारी जिंकल्यावर होतो, तो नीट सांगतो कारण मी ह्यात लई दिवस अडकलो होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

समजा समोरच्यानं २:५० ला रेड घेतला, म्हणजे तो ३:१५ ला येणार. ३:०५ ला तू त्याला उडवलास. झकास. आता तो मशीनगन घेऊन कुठंतरी कोपऱ्यात उगवला, तुला पावलं ऐकू आली, आणि तुला वाटलं हा तर फुकटचा फ्रॅग, म्हणजे फुकटचा बळी, हातात नुसती मशीनगन आहे, जाऊन टिपू. पळालास. तो पण पळाला, वाटेत शॉटगन उचलली, दोन जिने, एक टेलिपोर्ट, आणि ३:१७ ला लांबून आर्मर उचलल्याचा आवाज आला. झालं. स्कोअरवर तू एकनं पुढं आहेस पण मॅच त्याची झाली. तिथनं तो मेगावर जाणार, तू पन्नास-साठ हेल्थवर त्याच्या मागं, आणि दहा मिनिटं संपली की तू म्हणणार, "त्याची एम लई भारी होती."

हिशेब करून बघा की. आर्मर दोन तृतीयांश मार स्वतः खातं. २०० हेल्थ २०० आर्मरवाल्याला पाडायला एकूण ४०० डॅमेज लागतं, म्हणजे थेट बसणारी चार रॉकेटं. शंभर हेल्थ आणि अंगावर आर्मर नाही, त्याला एकच पुरतं. तुझी एम त्याच्या दुप्पट चांगली असली तरी तू मरणार. म्हणून फ्रॅग मिळाला की पहिला प्रश्न 'तो कुठं उगवला' नाही, 'पुढचं काय कधी येतंय' हा. दहा सेकंद असतील तर गप रेडजवळ जाऊन उभं राहायचं. कंटाळा येतो, मान्य. मला पण येतो.

बेरजेची एक सोय सांगतो. घड्याळ पुढं चालणारं लावा सेटिंगमधे, उलटं मोजणारं नको. मग फक्त सेकंद धरायचे. २५ आणि ३५ मिळून ६० होतात, त्यामुळं मिनिट ओलांडत असेल तर आर्मरला ३५ वजा करायचे आणि मेगाला २५. आर्मर ४८ ला गेला, तर १३ ला येणार. मेगा ४० ला गेली, तर १५ ला. तोंडानं बोला, लाज वाटू देऊ नका. माझा सरावाचा गोकाकचा पार्टनर डिस्कॉर्डवर कन्नडमधे पुटपुटत असतो, मी मराठीत, आणि मधेच तो ओरडतो "टाइम नोडो!", म्हणजे वेळ बघ, ते पण मी त्याच्यामागं रेलगन घेऊन लागलेलो असताना. विरोधक असून आठवण करून देतो, असा माणूस मिळवा. तुमच्याच लेव्हलचा, रोज भेटणारा. मोठ्या खेळाडूकडनं मार खाऊन शिकता येतं असं म्हणणारे आहेत, मला पटत नाही, वीस-शून्यनं हरताना नक्की कशामुळं हरलो ते कळतच नाही.

आणि ते 'सात दिवसांत प्रो एम'वाले कोर्स, पैसे घालवू नका. कुणाची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाईल उचलून टाकली की तो होत नाही आपण. माऊसची सेन्सिटिव्हिटी एक ठरवा आणि महिनाभर हात लावू नका, वायफायऐवजी केबल लावा, बस.

त्यापेक्षा क्वेकचा नामी खेळाडू राफा, म्हणजे शेन हेंड्रिक्सन, त्याचे जुने सामने बघा, कूलर ह्या रशियन खेळाडूबरोबरचे खास. नेम बघू नका, तो मारामारी सोडून कधी निघून जातो ते बघा. जिंकत असलेली मारामारी सोडतो हा माणूस! पहिल्यांदा बघताना डोकं फिरतं.

हरायला लागलात, दोन्ही मोठ्या वस्तू त्याच्याकडं गेल्या, तर घाबरायचं कारण नाही, त्यातनं पण येता येतं. शंभराच्या वरचं हेल्थ आणि आर्मर सेकंदाला एकनं उतरतंच. भिडायचं नाही, यलो घ्यायचा, आवाज ऐकून रेडची वेळ धरायची, आणि रेड यायच्या दोन सेकंद आधी लांबनं दोन रॉकेटं टाकून पळायचं. दर वेळी मिळणार नाही. चारात एकदा मिळाला तरी मॅच फिरते.

मॅप सगळे एकदम घेऊ नका. ब्लड रन घ्या आधी, बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, न घेता एकटेच फिरा, रेडपासनं मेगापर्यंत पळत किती सेकंद लागतात ते मोजा, दोन्ही वाटांनी. एरोवॉक मागनं. छोटा आहे, सतत भिडावं लागतं, आणि वर सांगितलेली त्याच्यामागं पळत सुटायची खोड तिथं जास्तच जडते. वीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या, परीक्षा जवळ असतील तर दिवसाला तीन मॅच, आणि त्यातली एक, जी हरलात ती, लगेच डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, लावून बघायची. नुसतं घड्याळ आणि आर्मरचे आवाज. फ्रॅगचा भाग पुढं ढकला.