मिशनच्या शाळेत मुलं एकमेकांना धरून कशी राहतील? करून बघण्यासारखं बरंच काही

जून उजाडला की वसईपासून पार म्हापशापर्यंत मिशनच्या शाळांत एकच धांदल, हेडबॉय कोण, हेडगर्ल कोण, सॅश शिवायला टाकले का, बॅज आले का. मग जुलैत इन्व्हेस्टिचरचा, म्हणजे मुलांना पदं देण्याचा, कार्यक्रम होतो, फादर मेणबत्ती पेटवून हातात देतात, शपथ होते, पालक मोबाईल वर करून फोटो काढतात, आणि त्यानंतर वर्षभर त्या बॅजला काम काय तर रांगा सरळ करा आणि पाहुण्यांना बुके द्या. याला मी तरी लीडरशिप म्हणणार नाही.

चर्चच्या शाळेला खरं तर कितीतरी गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात. रोज सगळ्यांनी मिळून दोन मिनिटं थांबायची सवय, वर्षभराचे सण, सेवेची जुनी परंपरा, शाळेच्या भिंतीला लागून असलेला आख्खा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं. यातलं थोडं थोडं मोठ्यांच्या हातातून काढून मुलांच्या हातात द्यायचं, ते कसं ते सांगते. डोळ्यासमोर मराठी माध्यमाची मिशन शाळा आहे, पण अंजुमनच्या किंवा जैन गुरुकुलाच्या शाळेतल्या लोकांनाही बरंच लागू पडेल.

सगळ्यात आधी वर्गात कोण बसलंय ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक कॅथलिक शाळांत कॅथलिक सोडून इतर मुलंच जास्त असतात. वसईत एकाच बाकावर घरी सामवेदी ही वसईची बोली बोलणारी पोर, आगरी पोर आणि नालासोपाऱ्याहून येणारी घरी भोजपुरी बोलणारी पोर असं चित्र सर्रास दिसतं. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिलाय, पण कलम 28 असंही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही स्वतःच्या, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. म्हणजे ॲडमिशनच्या वेळीच पालकांना स्पष्ट विचारा आणि लेखी घ्या, मागाहून कुजबुज नको. 2024 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना हेच सांगितलं, आपल्या परंपरा इतर धर्मांच्या मुलांवर लादू नका, परिपाठाला संविधानाची प्रास्ताविका म्हणा, जमलं तर सर्वधर्मीय प्रार्थनाखोली ठेवा. खोली नसेल तर लायब्ररीचा एक कोपरा, चटई, आणि शांत बसायची मुभा, एवढं पुरतं.

धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुलं एकीकडे आणि बाकीची मूल्यशिक्षणाला दुसरीकडे जातात, वर्ग फुटतो, ते समजू शकतं. पण तो तेवढ्याच तासापुरता फुटू दे. नाताळची गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, सगळ्यांनी मिळून बांधायची, पेंढा कुणी आणायचा, नाचणी कधी पेरायची म्हणजे सणापर्यंत हिरवळ वर येईल, हे ठरवायला धर्म विचारावा लागत नाही, आणि गणपतीचं मखर करणाऱ्या घरातली मुलं यात कायम सरस निघतात असं माझं निरीक्षण आहे.

परिपाठ

डॉन बॉस्को या इटालियन धर्मगुरूने (1815 ते 1888) तुरीन शहरात रस्त्यावरच्या आणि कारखान्यांत राबणाऱ्या पोरांसाठी काम उभं केलं. रात्री झोपायच्या आधी मुलांशी दोन-तीन मिनिटं बोलायची त्यांची पद्धत होती, उपदेशाचा घाट नाही, त्या दिवशी घडलेलं काहीतरी आणि त्यावर एखादा शब्द. त्यांच्या संस्थेच्या शाळांत, मग ती माटुंग्याची असो की पणजीची, तेच सकाळच्या छोट्या बोलण्यातून चालू राहिलं. हे कुठलीही शाळा उचलू शकते. नियम साधे ठेवा, तीन मिनिटं, एकच गोष्ट, ती कालपरवा याच शाळेत घडलेली, आणि शेवटी 'यावरून आपल्याला काय शिकायला मिळतं' हे वाक्य अजिबात नको. आठवड्यातला एक दिवस मुलांना द्या, आणि मजकूर टीचरनी लिहून देऊ नका, ही मोठी खोड आहे आपल्याला. सहावीतला मुलगा उभा राहून म्हणाला की काल रिक्षा आली नाही म्हणून मी गेटवर बसलेलो तर शिपाईमामा डबा घरी न्यायच्याऐवजी माझ्यासोबत बसून खाल्ला, तर ते व्याकरणात बसत नसलं तरी चालेल, पुढच्या दिवशी पन्नास पोरं शिपाईमामांना हात करतात.

मधली सुट्टी

शाळेत खरं काय चाललंय ते वर्गात कळत नाही, मधल्या सुट्टीत कळतं. डॉन बॉस्कोच्या पद्धतीत शिक्षकाने मैदानावर मुलांच्यात असणं हे कामच धरलंय. दंड झाला की सुधारेल यापेक्षा चूक व्हायच्या आधी सोबत असावं, असा त्याचा विचार, त्याला ते प्रतिबंधक पद्धत म्हणायचे आणि 1877 मध्ये त्यावर त्यांनी लिहिलंही. आपल्याकडे शिक्षक ड्युटीला असतात पण व्हरांड्यात, हातात पट्टी घेऊन. त्याऐवजी रोज दोन जणांनी डबा घेऊन खाली उतरा, मुलांत बसून खा. कोण रोज एकटं खातंय, कुणाचा डबा आठवड्यात दोनदा 'विसरला', कोण सुट्टीभर टॉयलेटजवळ घुटमळतंय, हे आठवडाभरात दिसायला लागतं.

आठवी-नववीतली काही मुलं पाचवीसाठी दादा-ताई म्हणून नेमा. फक्त हुशार नको, एकदा तरी ज्याला स्वतःला कुणी ग्रुपमध्ये घेतलं नव्हतं असं मूल यात हवंच. आणि त्यांना सांगून ठेवा, तुम्ही पोलीस नाही, तक्रार घेऊन यायची गरज नाही, फक्त एकट्याला खेळात ओढायचं.

लीडर कसे घडवायचे

कॅथलिक शाळांत वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स) नावाची विद्यार्थी चळवळ असते, इतर धर्मांच्या मुलांसाठी तिलाच वायएसएम (यंग स्टुडंट्स मूव्हमेंट) म्हणतात. तिची पद्धत बेल्जियमच्या जोसेफ कार्डाईन या धर्मगुरूची, कामगार तरुणांसोबत काम करताना त्यांनी रुजवलेली: पहा, पारखा, कृती करा. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात तिला अधिकृत मान्यता दिली. बऱ्याच शाळांत मात्र वायसीएस म्हणजे पोस्टर स्पर्धा आणि पिकनिक होऊन बसलंय.

नीट वापरली तर कशी चालते बघा. समजा आठवीच्या मुलींच्या लक्षात आलं की बऱ्याच जणी दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. आपण मोठे लगेच पाण्याच्या महत्त्वावर भाषण ठोकणार. मुलींना म्हणा, आधी बघा. त्या तीन-चार दिवस वही घेऊन नोंद करतात आणि निघतं काय, तर टॉयलेटच्या चारपैकी दोन दारांच्या कड्या तुटलेल्या, बादली गायब, आणि सुट्टीत सगळ्यांचा नंबर लागतच नाही, म्हणून पोरी पाणीच टाळतात. मग पारखा, म्हणजे याचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला, हे असं असणं बरोबर आहे का, इथे कॅथलिक मुली बायबलच्या शुभवर्तमानातला उतारा घेऊ शकतात, बाकीच्या आपल्या घरच्या शिकवणीतलं किंवा सरळ संविधानातलं काही. आणि कृती म्हणजे मुख्याध्यापकांना पत्र, सोबत हार्डवेअरच्या दुकानातून विचारून आणलेला कड्यांचा भाव. इथे शाळेनेही एक पाळायचं, आठवड्याभरात लेखी उत्तर द्यायचं, 'नाही' असलं तरी चालेल पण कारणासकट. उत्तरच आलं नाही तर पुढच्या वर्षी एकही मूल पत्र लिहिणार नाही, लिहून ठेवा.

पैशाचा हिशेब मुलांना द्यायला आपण फार घाबरतो. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, वर्गात एक डबा असतो, वेफर्सचे, पेप्सीकोल्याचे वाचवलेले पैसे त्यात टाकायचे. मोजायला दोन मुलं, साक्षीला एक टीचर, बेरीज नोटीस बोर्डवर. कुणी किती टाकले हे कुठेही लिहायचं नाही, वर्गावर्गांत स्पर्धा लावायची नाही. पैसे कुठे जाणार ते मुलांनी चर्चा करून ठरवायचं, स्वतः जाऊन द्यायचे, आणि देताना फोटो काढायचा नाही. यावरून कमिटीत वाद होईल, होऊ दे.

मॉनिटर गुप्त मतदानाने निवडा पण सहामाहीपुरताच, म्हणजे दिवाळीनंतर दुसऱ्यांना संधी, आणि नुसती पॉप्युलर पोरं वर्षभर राज्य करत नाहीत.

मन

येशूसंघी फादर ज्या संत इग्नेशियस लोयोलांची शिकवण मानतात, त्यांनी सोळाव्या शतकात दिवसाकडे मागे वळून बघायची एक प्रार्थना शिकवली. शेवटच्या तासाची शेवटची दोन मिनिटं ती अगदी साध्या रूपात घेता येते, देवाचं नाव घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. डोळे मिटा, आज कुठल्या क्षणी बरं वाटलं, कुठे टोचलं, उद्या काय वेगळं करशील. बोलून दाखवायची सक्ती नाही, वहीत लिहायची नाही, तपासायची तर मुळीच नाही.

एखाद्या मुलाची आई किंवा वडील गेले तर शाळा काय करते यावर मात्र शाळेची खरी पारख होते. वर्गशिक्षकाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जावं, जवळचे दोन-तीन मित्र त्यांच्या पालकांना विचारून सोबत न्यावेत, आणि त्या घरची जी रीत असेल ती पाळावी, तिथे आपली प्रार्थना सुरू करू नये. मूल परत यायच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. 'कळलं मला, फार वाईट वाटलं' एवढं म्हणायचं, कसं झालं ते विचारायचं नाही, त्याची जागा तीच ठेवायची. परिपाठात त्याच्या बाबांसाठी प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारा, नाव घेऊ का? 'देवाला चांगली माणसं लवकर आवडतात' असली वाक्यं स्टाफरूममध्येच बंद करा, दहा वर्षांच्या पोराला त्यातून एवढंच कळतं की देवाने माझे बाबा नेले. आणि महिन्याभराने सगळे विसरतात तेव्हा त्याला जास्त गरज असते. फादर्स डेचं ग्रीटिंग कार्ड, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही, 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस, या तारखा आधीच कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा.

धर्माच्या शाळेत अजून एक घोळ होतो, पापनिवेदन, म्हणजे फादरपुढे आपली पापं कबूल करणं, आणि समुपदेशन एकमेकांत मिसळतात. पापनिवेदनात सांगितलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. टीचरचं किंवा समुपदेशकाचं तसं नाही, लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, मग आरोप संस्थेतल्याच माणसावर का असेना. म्हणून मुलाला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, 'गरज असेल त्यालाच सांगेन आणि आधी तुला सांगेन' एवढं म्हणा. 1098 ही चाइल्डलाइन आणि 14416 ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीची, लाईन, दोन्ही नंबर टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, ऑफिससमोर उभं राहून कुणी नंबर लिहून घेत नाही. आणि ज्या मुलाला झोप लागत नाही, सतत रडू येतं, त्याला 'प्रार्थना कर, बरं वाटेल' म्हणून घरी पाठवू नका. प्रार्थना करू दे की, पण पालकांना बोलावून डॉक्टरकडे पाठवणंही त्याच दिवशी झालं पाहिजे.

एप्रिलमध्ये जुन्या विद्यार्थी कौन्सिलला अर्धा दिवस द्या आणि नव्या मुलांसाठी एक वही भरून घ्या. कुठल्या पत्राला काय उत्तर आलं, डब्यात किती जमले, पाचवीची पोरं कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतात, गव्हाणीला पेंढा कुणाच्या शेतावरून मिळतो. नववीची मुलं ती आठवीला समजावून सांगतील, टीचरनी मध्ये बोलायचं नाही. कुणाच्या घरचं, कुणाच्या रडण्याचं मात्र त्या वहीत एक अक्षरही नको, ते समुपदेशकाच्या कुलपातल्या फाईलमध्ये राहू दे.