सिस्टीम रिस्टोर आणि स्क्रिप्ट : संगणक-देखभालीत नव्याने येणाऱ्यांसाठी

गोव्यात संगणक-देखभालीच्या कामाला लागणाऱ्या तरुणाला अनेक सहकारी असलेल्या विभागात बसण्याची संधी क्वचितच मिळते. वेर्णा किंवा कुंडई येथील औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो, बार्देशच्या किनाऱ्यावरील हॉटेल असो की फोंड्यातील शाळेची प्रयोगशाळा, संगणक कितीही असले तरी ते पाहणारा माणूस बहुधा एकटाच असतो. या कामात काही वर्षे काढल्यानंतर, पहिली स्क्रिप्ट (संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल) कोणत्या कामासाठी लिहावी असे कोणी विचारले की मी सिस्टीम रिस्टोरचे, म्हणजे बिघडलेले विंडोज आधीच्या स्थितीत नेणाऱ्या सुविधेचे, नाव घेतो. काम लहान आहे, त्याचा उपयोग लगेच दिसतो आणि ते करताना ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा), टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आणि डिस्कवरील जागेचा हिशेब या चारही गोष्टी हाताखालून जातात.

आधी ही सुविधा काय करते ते नेमके समजून घ्यावे. सन 2000 मधील विंडोज एमईपासून ती विंडोजमध्ये आहे आणि व्हिस्टापासून ती व्हॉल्यूम शॅडो कॉपी या, ड्राइव्हची त्या क्षणाची प्रत राखणाऱ्या, सेवेवर चालते. रिस्टोर पॉइंटकडे, म्हणजे जतन केलेल्या जुन्या स्थितीकडे, परत गेल्यावर सिस्टीमच्या फाइल्स, ड्रायव्हर, रजिस्ट्री आणि बसवलेले प्रोग्राम पूर्वस्थितीत येतात; वापरणाऱ्याने लिहिलेली पत्रे, हिशेबाची पाने किंवा छायाचित्रे मागे जात नाहीत आणि पुसली गेली असतील तर परतही येत नाहीत. त्यामुळे हा बॅकअप नव्हे, हे कार्यालयातील हिशेबनिसापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. हे न सांगितल्यास डिस्क बिघडल्यावर सगळा दोष स्क्रिप्टच्या माथी येतो.

आता मूळ काम. विंडोजमधील पॉवरशेल 5.1 मध्ये (आज्ञा देण्याच्या आणि स्क्रिप्ट लिहिण्याच्या साधनात) यासाठी तयार आज्ञा आहेत. ‘इनेबल-कॉम्प्युटररिस्टोर’ संरक्षण चालू करते, ‘चेकपॉइंट-कॉम्प्युटर’ नवा पॉइंट तयार करते आणि ‘गेट-कॉम्प्युटररिस्टोरपॉइंट’ असलेल्यांची यादी देते. पॉवरशेल 7 मध्ये या आज्ञा नाहीत आणि विंडोज सर्व्हरवर ही सुविधाच नाही, म्हणून शिकताना साध्या विंडोज 10 किंवा 11 च्या संगणकावर, तेही आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या संगणकात), सराव करावा. इतर ड्राइव्हवर संरक्षण हवे असेल तर ते सिस्टीम ड्राइव्हवर आधी किंवा त्याच वेळी चालू करावे लागते. चालू असलेल्या ड्राइव्हवर ही आज्ञा पुन्हा दिल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे ‘चालू आहे का’ हे शोधण्यात ओळी खर्च करण्यापेक्षा ती प्रत्येक वेळी सरळ चालवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. उलट, संरक्षण बंद करणारी आज्ञा त्या ड्राइव्हवरील सगळे जुने पॉइंट पुसून टाकते. ती कोणत्याही सर्वसाधारण स्क्रिप्टमध्ये ठेवू नये.

नवशिका जिथे हमखास अडखळतो ती जागा पुढे आहे. विंडोज 8 पासून ‘चेकपॉइंट-कॉम्प्युटर’ चोवीस तासांत एकच पॉइंट तयार करते. सकाळी एक पॉइंट झाला असेल आणि दुपारी प्रिंटरचा नवा ड्रायव्हर बसवण्यापूर्वी स्क्रिप्ट चालवली, तर 1440 मिनिटांचा उल्लेख असलेला एक इशारा पडद्यावर येतो आणि स्क्रिप्ट पुढे चालू लागते. हा इशारा असतो, त्रुटी नसते. त्यामुळे त्रुटी पकडण्यासाठी लिहिलेला भाग जागाच होत नाही आणि नोंदवहीत काम झाल्याचे लिहिले जाते. यावर उपाय रजिस्ट्रीत आहे. विंडोज एनटीच्या करंट व्हर्जनखालील सिस्टीमरिस्टोर या जागी ‘सिस्टीमरिस्टोरपॉइंटक्रिएशनफ्रीक्वेन्सी’ नावाचे डीवर्ड (पूर्णांकी) मूल्य ठेवायचे असते. त्यातील आकडा मिनिटांचा असतो आणि 0 ठेवल्यास मर्यादा उठते. मात्र माझ्या मते ती कायमची उठवून ठेवू नये. ड्रायव्हर किंवा मोठा प्रोग्राम बसवणाऱ्या स्क्रिप्टने ती तात्पुरती बदलावी आणि काम संपताच जुने मूल्य परत लिहावे.

याच कारणाने पॉइंट तयार करण्यापूर्वीची आणि नंतरची यादी मिळवून शेवटचा अनुक्रमांक वाढला आहे का, हे स्क्रिप्टनेच तपासावे. आज्ञा त्रुटीशिवाय संपली एवढा पुरावा पुरेसा नाही. यादीतील निर्मितीची वेळ कच्च्या स्वरूपात वाचली तर ती जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. ती स्थानिक वेळेत बदलून न घेतल्यास सकाळी नऊचा पॉइंट नोंदवहीत साडेतीनचा दिसतो आणि पहाटे संगणक कोणी चालू केला याची चौकशी सुरू होते.

जागेचा प्रश्न ‘व्हीएसएसॲडमिन’ या आज्ञेने सोडवता येतो. तिने पॉइंटसाठी राखीव जागेची कमाल मर्यादा पाहता येते आणि बदलताही येते. मर्यादा भरली की सर्वांत जुने पॉइंट आपोआप जातात. ती एकदम कमी केली तरीही जातात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 2017 मधील वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने हीच आज्ञा वापरून शॅडो कॉपी पुसल्या होत्या, त्यामुळे ती असलेल्या स्क्रिप्टकडे अँटीव्हायरस संशयाने पाहू शकतो. अँटीव्हायरस बंद करून मोकळे होण्याऐवजी त्या स्क्रिप्टपुरती अधिकृत परवानगी मागावी.

वेळापत्रकावर चालवायची असेल तर टास्क सर्वोच्च अधिकारांनिशी चालेल असे ठरवावे, आणि ठरलेली वेळ हुकल्यास शक्य तितक्या लवकर चालवण्याचा पर्याय निवडावा. गोव्यात तो विशेष उपयोगी पडतो, कारण पावसाळ्यात वीज जाते आणि चतुर्थीच्या सुट्टीत शाळा-कार्यालयांतील संगणक कित्येक दिवस बंद असतात.

जुन्या यंत्रांवर व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या स्क्रिप्ट-भाषेत लिहिलेल्या, डब्ल्यूएमआयमधील (विंडोजची माहिती देणाऱ्या आणि कामे करवून घेणाऱ्या व्यवस्थेतील) ‘सिस्टीमरिस्टोर’ या वर्गाला हाक मारणाऱ्या फाइल्स आढळतील. त्या वाचता याव्यात, पण नवे काम त्यात करू नये. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये व्हीबीस्क्रिप्टच्या निवृत्तीची घोषणा केली आहे. वाचण्याचा मुख्य लाभ असा की, पॉवरशेलच्या आज्ञा आतून कोणाशी बोलतात हे त्यातून कळते. नोकरीच्या मुलाखतीत आज्ञा पाठ असण्यापेक्षा हे सांगता येणे जड भरते.

प्रत्यक्ष मागे जाणे मात्र स्क्रिप्टवर सोडू नये. ‘रिस्टोर-कॉम्प्युटर’ ही आज्ञा संगणक पुन्हा सुरू करते, आणि त्या वेळी दुसऱ्या खोलीत कोणी बिल करत बसलेले असू शकते. समोर बसून, वापरणाऱ्याचे काम जतन करायला लावून, पॉइंटनंतर बसवलेले कोणते प्रोग्राम जातील ते त्याला दाखवून मगच ती चालवावी. संगणक परत सुरू झाल्यावर ‘गेट-कॉम्प्युटररिस्टोरपॉइंट’ला शेवटच्या स्थितीचा पर्याय जोडून प्रयत्न यशस्वी झाला, फसला की मध्येच थांबला, ते पाहावे आणि यंत्राच्या नोंदीत पॉइंटच्या अनुक्रमांकासह लिहावे.