उन्हाळी वेलवर्गीय पिके फुलावर येताना: बांधावरच्या माश्या सांभाळा

कलिंगड, खरबूज, काकडी, कारली, भोपळा या पिकांत नर आणि मादी फुले बहुतेक वेगवेगळी असतात (खरबुजात मात्र बहुधा नर आणि उभयलिंगी). परागकण जड आणि चिकट असल्याने वाऱ्याचा उपयोग नाही, पराग वाहणारी माशी (मधमाशी किंवा तिच्या जातीतली दुसरी) आली तरच फळ धरते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस बहुतेक नर फुलेच येतात आणि गळतात. ते स्वाभाविक आहे, त्यासाठी टॉनिक फवारायची गरज नाही. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे फळ दिसते. हे फूल एकच सकाळ उमललेले असते. तेवढ्या वेळात कलिंगडाच्या फुलावर माश्यांच्या किमान आठ भेटी व्हायला हव्यात, नाहीतर फळ पिवळे पडून गळते किंवा एका अंगाने चपटे वाढते.

वाकडी फळे दिसली की पहिला संशय खतावर जातो. काकडी उभी चिरून पाहा. बारीक राहिलेल्या टोकात बिया चपट्या, पोकळ आणि फुगलेल्या भागात भरलेल्या असतील, तर परागीभवन अपुरे झाले आहे. बिया सगळीकडे सारख्या भरूनही फळ आकसले असेल, तर पाण्याचा ताण आणि पालाश तपासा. पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीला हे लागू नाही, ती परागीभवनाशिवाय धरते.

माश्या पुरेशा आहेत का, हे सकाळी ७ ते ९ दरम्यान शेतातच कळते. वारा नसताना एका मादी फुलाजवळ पाव तास बसा, अशी चार फुले पाहा. दर पाव तासाला एखादी भेट होत असेल तर काळजी नाही. चारही फुले कोरी राहिली तर कमतरता आहे. मोजताना फक्त मधमाश्या धरू नका. सातेरी, फुलोरी आणि आग्या या मधमाश्यांबरोबर डंखविरहित ट्रायगोना, काळा भुंगा, निळ्या पट्ट्यांची माशी आणि मुंगीएवढ्या बारीक एकांड्या माश्याही काम करतात. वांगी-टोमॅटोत तर भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशीच महत्त्वाची. त्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून पराग बाहेर पडतो. मधमाशीला हे जमत नाही.

मधमाश्यांच्या पेट्या आणायच्या असतील तर सातेरीच्या एकरी दोन पेट्या ५ ते १० टक्के फुले उमलल्यावरच ठेवा. आधी ठेवल्या तर माश्या आसपासच्या दुसऱ्या फुलोऱ्याला लागतात आणि मग पिकाकडे वळत नाहीत.

जगातल्या बहुतेक माश्या मात्र पोळे करत नाहीत. एकेक मादी जमिनीत बीळ करून तिथे अंडी घालते आणि काही शे मीटरच्या आतच चारा शोधते. म्हणून घर शेताला लागूनच हवे. वाफ्यावर प्लॅस्टिक मल्चिंग असेल तर ती जागा गेलीच, उरतो तो बांध. पूर्व किंवा दक्षिण उताराचे, पाणी न साचणारे, हात-दीड हाताचे उघडे तुकडे ठिकठिकाणी ठेवा. तिथे नांगर, तणनाशक किंवा पाटाचे पाणी जाऊ देऊ नका. पेन्सिल जाईल एवढे भोक आणि भोवती मातीचा बारीक ढीग दिसला की समजावे, वस्ती झाली. बांधावरची एकदांडी, रानतुळस एकदम साफ करू नका. अर्धा बांध आज, अर्धा तीन आठवड्यांनी कापा. कडेला धणे, बडीशेप, तीळ लावा. भरगच्च पाकळ्यांचा संकरित झेंडू दिसायला छान, पण त्यात माशीच्या हाती फारसे लागत नाही.

सर्वात जास्त नुकसान फवारणीत होते. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, क्लोरपायरिफॉस टाळा. भुकटी धुरळणे तर नकोच, तिचे कण परागासारखे अंगाला चिकटून घरट्यात जातात. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकात प्रोपिकोनाझोलसारखे बुरशीनाशक मिसळू नका, माश्यांसाठी त्या मिश्रणाचा विषारीपणा वाढतो. फळमाशीसाठी फवारण्याऐवजी एकरी आठ-दहा क्यू-ल्यूर (नर फळमाशीला वासाने ओढणारे) सापळे लावा. निळे चिकट सापळे फुलोऱ्यात काढून घ्या, त्यावर माश्याही अडकतात. फवारावेच लागले तर सूर्यास्तानंतर. पण हा सरधोपट सल्ला दुधी आणि दोडक्याला चालत नाही, कारण त्यांची फुले संध्याकाळीच उमलतात आणि रात्री पतंग येतात. तिथे दुपार कलल्यावर, फुले उमलण्याआधी फवारणी उरका.

पोकळीत राहणाऱ्या माश्यांसाठी ४ ते १० मि.मी. छिद्राचे बांबू पेराच्या मागे कापा, म्हणजे मागचे टोक बंद राहते. लांबी १५ सें.मी. ठेवा. दोन्ही टोके उघडी असतील तर माशी बसत नाही. तोंडाशी कुसे राहिली तर पंख फाटतात, म्हणून पॉलिश पेपरने घासा. वीस-पंचवीस नळ्यांची जुडी जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर, तोंड पूर्वेला करून, हलणार नाही अशी बांधा. खांबाला ग्रीस लावा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. नळीचे तोंड पानाच्या तुकड्यांनी बंद दिसले की ती पानकापी माशीची. गुलाब-तुरीच्या पानांवरचे सफाईदार अर्धगोल कापही तिचेच, अळीचे समजून औषध मारू नका. चिखलाने बुजवलेली नळी गांधीलमाशीच्या जातीतल्या शिकारी माशीचीही असू शकते. ती पिलांसाठी अळ्या नेते, तिलाही राहू द्या. पिले बाहेर पडली की जुन्या नळ्या जाळून नव्या बांधा, कारण बुरशी आणि सूक्ष्म कोळी (माइट) त्यातच साठतात.