बाळाच्या मानेवरचं घामोळं, आमचं कसं गेलं

एप्रिलमधलं नागपूर, घरात साडेतीन महिन्यांचं पिल्लू आणि त्याच्या मानेच्या वळ्यांत लालेलाल पुरळ. उचलून घेतलं की खुदकन हसायचा, खाली ठेवला की मान घासत किरकिर सुरू. सासूबाई म्हणाल्या पावडर लाव, पण पावडर, घाम आणि ओघळलेलं दूध मिळून वळ्यांत नुसता लगदा व्हायचा, आणि घामाची छिद्रं बुजतात म्हणूनच तर घामोळं येतं ना, शिवाय पावडर नाकातोंडात जाते ते वेगळंच. मग पावडर बंद, मालिशवाल्या मावशींना सांगून मानेला तेलही बंद (तोंड वाकडं झालं त्यांचं, चालायचंच). दुपारी साध्या पाण्याने अंग पुसायचं, हनुवटी हळूच वर करून वळ्या मलमलच्या फडक्याने टिपायच्या, घासायचं अजिबात नाही. अंगात फक्त पातळ सुती झबलं, टोपी-मोजे नाहीत, कूलर चालू पण झोत थेट अंगावर नको. वरचं पाणी मात्र पाजलं नाही, सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच पुरतं, उन्हाळ्यातही. आठवड्याच्या आत पुरळ बसलं. पू दिसला किंवा ताप आला तर मात्र सरळ डॉक्टर गाठा.