मिथेनच्या नोंदी वाचताना हवामानाचा हिशेब कसा करावा

हवेतील मिथेनचे प्रमाण एका रात्रीत शंभर पीपीबीने (पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांतील एक भाग) वाढलेले दिसले की जवळपास गळती सुरू झाली असावी, असा तर्क चटकन केला जातो. तो करण्याआधी हवेची स्थिती तपासावी, कारण स्रोतातून किती वायू बाहेर पडला याबरोबरच तो किती हवेत मिसळला आणि वाऱ्याने तो कुठून आणला, हेही त्याच आकड्यात सामावलेले असते.

प्रथम पार्श्वभूमीची पातळी, म्हणजे जवळपासच्या स्रोताविना हवेत असणारे प्रमाण, निश्चित करावी. मिथेन वातावरणात सुमारे नऊ वर्षे टिकतो, त्यामुळे तो जगभर पसरतो आणि त्याची जागतिक सरासरी आज १९०० पीपीबीच्या वर आहे. म्हणजे हवेच्या दर एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे १९०० हून अधिक रेणू असतात. बहुतेक स्रोत उत्तर गोलार्धात असल्याने तिथले प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त असते. उन्हाळ्यात मात्र तेथेही ते उतरते, कारण प्रखर ऊन आणि दमट हवा यांमुळे वाढणारे हायड्रॉक्सिल मूलक (हवेतील अतिशय क्रियाशील कण) मिथेनचे विघटन करतात. म्हणून जुलैची नोंद डिसेंबरशी नव्हे, तर आधीच्या वर्षांच्या जुलैशी ताडून पाहावी.

त्यानंतर वेळ पाहावी; माझ्या मते सर्वाधिक चुका येथेच होतात. दुपारी तापलेली जमीन हवेला वर ढकलते आणि वायू एक-दोन किलोमीटर जाडीच्या थरात मिसळतो. रात्री जमीन निवली की तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, उभे मिश्रण जवळजवळ थांबते आणि तोच वायू शंभर-दोनशे मीटरच्या थरात कोंडला जातो. समजा, एखाद्या स्रोतामुळे १५०० मीटरच्या थरात २० पीपीबी वाढ होते. तेवढाच वायू २०० मीटरच्या थरात साठला, तर वाढ १५० पीपीबी होईल. स्रोत तसूभरही बदललेला नसेल. सपाट प्रदेशात त्यामुळे दुपारच्या नोंदी अधिक विश्वसनीय ठरतात. उंच डोंगरावर नियम उलटा होतो: हवाईतील मौना लोआ वेधशाळा सुमारे ३४०० मीटर उंचीवर असून, दिवसा उतारावरून चढणारा वारा खालची हवा तिथे आणतो, तर रात्री वरून उतरणारी हवा पार्श्वभूमीचे खरे प्रमाण दाखवते.

वाऱ्याची दिशा आणि वेग प्रत्येक नोंदीशेजारी लिहावा. संशयित स्रोताच्या वाऱ्याकडील (वारा जिकडून येतो ती) आणि वाऱ्याआडच्या (वारा जिकडे जातो ती) अशा दोन्ही बाजूंना एकाच वेळी मोजमाप घ्यावे, कारण दोन्हींतील फरक हाच त्या स्रोताचा वाटा मानता येतो. इतर परिस्थिती तीच राहून वारा दुप्पट झाला, तर हा फरक साधारण निम्मा होतो. म्हणून केवळ फरकावरून उत्सर्जनाचा अंदाज न बांधता त्यात वेगाचा हिशेब धरावा. वारा अगदी मंद असेल, तर त्याची दिशाच भरवशाची राहत नाही आणि अशा नोंदी बाजूला ठेवणेच योग्य.

पावसाने मिथेन धुऊन जात नाही, कारण तो पाण्यात फारच कमी विरघळतो. बाष्पाचा परिणाम मात्र मोजमापावर होतो: हवेत तीन टक्के बाष्प असेल, तर १९०० पीपीबीच्या जागी सुमारे १८४३ दिसतील, म्हणून कोरड्या हवेचे आकडेच एकमेकांशी ताडावेत.

काही वेळा हवामान खुद्द स्रोतालाही हलवते. वायुदाब घसरला की कचराभूमीतील वायू अधिक वेगाने बाहेर येतो, आणि पाणथळ जमिनी उबदार व ओल्या राहिल्या की तिथले सूक्ष्मजीव अधिक मिथेन तयार करतात. दुपारची वेळ, तोच वारा आणि स्थिर दाब असे दिवस निवडूनही वाढ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर आता स्रोताकडे जाऊन जागेवर शोध घ्यावा.