नाळीची भाजी कशी ओळखायची (आणि बेशरम कसा टाळायचा)

तळ्याच्या कडेला पाण्यावर नाळीचा हिरवागार वेल पसरलेला दिसला की लोक लगेच खुडायला बसतात, पण जरा थांबा, कारण त्याच काठावर बेशरम नावाचं झुडूप पण माजलेलं असतं आणि दोघं एकाच खानदानातले, दोघांची फुलं भोंग्यासारखी, दोघांना तोडलं की पांढरा चीक येतो. त्यामुळे चीक बघून काही ठरवू नका.

आधी दांडी बघा. नाळीची दांडी हिरवी नाहीतर जराशी लालसर, लुसलुशीत, आतून पोकळ म्हणून तर ती तरंगते, आणि पाण्यातल्या पेरांना मुळं फुटलेली असतात. नुसतं पोकळ आहे म्हणून खूश होऊ नका हां, बेशरमची जुनी खोडं पण पोकळच निघतात. पण ते झुडूप आहे, माणसाच्या उंचीचं होतं आणि बुडाशी लाकडासारखं कडक.

खरा फरक पानात. नाळीचं पान भाल्याच्या पात्यासारखं, देठाजवळ दोन्हीकडे टोकं निघालेली. कधी एकदम चिंचोळं तर कधी चांगलं रुंद, म्हणून एक पान बघून निघून जायचं नाही, चार-पाच बघायची. बेशरमचं पान मोठं, बदामाच्या आकाराचं, देठाकडे गोलसर आणि शेंड्याला लांब निमुळतं. फुलांवर मी फार भरवसा ठेवत नाही, नाळीचं पांढरं किंवा फिकट जांभळं आणि आत गडद, बेशरमचं गुलाबी, लांबून सारखंच वाटतं.

एवढी कटकट कशाला, तर बेशरम विषारी आहे. दुष्काळात दुसरं काही मिळत नाही म्हणून शेळ्या तो खात राहिल्या की त्यांच्या नसांवर परिणाम होतो, नीट चालता पण येत नाही. शंका आली तर सरळ सोडून द्या.

आणि जागा! गटाराच्या नाल्यातली नाळी कितीही कोवळी दिसू दे, घ्यायची नाही, ही वनस्पती पाण्यातलं शिसं, कॅडमियम ओढून घेते आणि ते धुवून किंवा शिजवून जात नाही. स्वच्छ तळ्यातली असली तरी कच्ची खाऊ नका, पाणवनस्पतींवर कृमी चिकटलेले असू शकतात.

वीतभर कोवळे शेंडेच खुडा, जाड दांड्या चरबट लागतात. तीन-चार पाण्यात धुवा, लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, आणि मीठ शेवटी घाला कारण भाजी आळून एवढीशी होते.