पोटातल्या इम्युन सेल्सना शांत कसं ठेवायचं: भाकरी, आंबील आणि काही पथ्यं

मेडिकलवर गेलं की काउंटरवरच इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्या दिसतात, लोक घ्यायलेत बी भरपूर, पण पोटाच्या बाबतीत ही 'बूस्ट'ची भाषाच मला पटत नाही. शरीरातल्या बऱ्याच इम्युन सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, आतड्याच्या आसपास असतात आणि त्यांचं निम्मं काम गप्प बसायचं असतं, कारण आपण खातो ते सगळं बाहेरचंच की, तुरीचं वरण काय अन् दही काय, दर घासावर तुटून पडायला लागल्या तर माणूस जगायचा कसा. म्हणून खाली जे आहे ते या सेल्स विनाकारण भडकू नयेत यासाठी.

आतलं गणित आधी थोडक्यात बघा. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, तो पण 3 ते 5 दिवसांत नवा होतो. त्याच्या मागं काही सेल्स आयजीए नावाच्या अँटीबॉडी बनवतात, त्या जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत, आणि रेग्युलेटरी टी सेल्स बाकीच्यांना आवरतात. मास्ट सेल्स मात्र जरा तापट, त्या नसांना खेटून बसलेल्या असतात, चिडल्या की हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि मग तीच नस साध्या गॅसला पण कळ म्हणून वर कळवते. टेन्शनमध्ये शरीरात जी रसायनं सुटतात त्यानं पण या चाळवतात, म्हणून सोयाबीनचा भाव पडला की ज्याचं पोट बिघडतं त्याला 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नका.

पोट आणि मेंदूत निरोप नेणारी मेन लाइन म्हणजे व्हेगस नर्व्ह नावाची नस. तिच्यातले साधारण 80 टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडं जाणारे. उलट दिशेला पण काम चालतं, 2000 साली अमेरिकेतले संशोधक केविन ट्रेसी यांच्या टीमनं उंदरांवर दाखवलं की ही नर्व्ह चेतवली तर सूज वाढवणारं टीएनएफ नावाचं प्रथिन कमी तयार होतं. आणि आत सूज वाढली की मेंदूला खबर जाते, मग अंग मोडून येतं, जेवण नको वाटतं, कुणाशी बोलू वाटत नाही. एक गोष्ट मात्र रीलवाले चुकीची सांगतात: 90 टक्के सेरोटोनिन पोटात बनतं हे खरं, पण ते मेंदूत शिरत नाही, त्यामुळं पोट साफ म्हणजे मूड झकास असं सरळ गणित नाही.

आता करायचं काय. पहिली ज्वारी. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम फायबर असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला 30 च्या आसपास लागतं. हे फायबर आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, अस्तराच्या पेशी त्यावर जगतात आणि आवर घालणाऱ्या टी सेल्सना पण त्याची मदत होते. शक्य असेल तर परभणी कृषी विद्यापीठाची परभणी शक्ती ज्वारी बघा, तिच्यात लोह आणि झिंक जास्त आहे. सोबत मटकी, हुलगे, अंबाडीची भाजी आलटून पालटून. पण सवय नसेल तर एकदम ताटभर कडधान्य घेऊ नका, पोट फुगेल अन् दोष हुलग्याला जाईल, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

दुसरी आंबील. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात भज्जी, उंडे अन् माठातली आंबील असते, सगळे पोटभर पितात आणि मग वर्षभर विसरतात, हे मला कळतच नाही. रात्री ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी न होऊ देता शिजवायचं, पूर्ण गार झालं की ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. ताक गार झाल्यावरच घाला, गरम आंबिलीत ताकातले जिवंत जंतू मरून जातात. घरोघरी पद्धत वेगळी असते, तुमच्या आईची जी असेल ती चालवा. 2021 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं 36 जणांवर 10 आठवड्यांचा अभ्यास केला होता, त्यात आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंचे प्रकार वाढले आणि शरीरातली सूज दाखवणारी रक्तातली 19 प्रथिनं कमी झाली, नुसतं फायबर वाढवलेल्या गटात तेवढ्या वेळात असं दिसलं नाही. अभ्यास छोटा आहे, पण भाकरी आणि ताक दोन्ही ठेवायला काय हरकत आहे.

झोप वेळेवर घ्या, जेवताना मोबाइल बाजूला, आणि जेवायच्या आधी पाच मिनिटं श्वास सावकाश सोडा, याला पैसे पडत नाहीत.

जुलाब लागले की परस्पर अँटिबायोटिक आणून खायची सवय मात्र सोडा, त्यात कामाचे जंतू पण जातात, बऱ्याच वेळा ओआरएस आणि आरामावर भागतं. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यातल्या बऱ्याच गोळ्या अस्तराला इजा करतात. उन्हाळ्यात टँकरचं पाणी उकळूनच प्या.

आणि शौचातून रक्त पडतंय, वजन आपोआप उतरायलंय, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय किंवा ताप हटत नाही, तर आंबिलीवर दिवस काढू नका, पोटाच्या डॉक्टरला दाखवा.